आंतरवासितेचे शंभर दिवस : छात्राध्यापक आणि गावची शाळा



अध्यापक विद्यालयांतील छात्राध्यापक प्रतिवर्षी आंतरवासितेसाठी आपल्या शाळांत येतात. त्यांच्याजवळ पाठांच्या वह्या असतात, निरीक्षणाचे तक्ते असतात, करावयाच्या उपक्रमांची यादी असते आणि प्राचार्यांचे पत्र असते. मुख्याध्यापक पत्र वाचून दप्तरी लावतात, आलेल्या मंडळींस वर्ग वाटून देतात आणि शाळेचा गाडा पूर्ववत् चालू लागतो. ठरलेले दिवस भरले म्हणजे वह्यांवर सह्या होतात, निरोपाचा लहानसा समारंभ होतो, मुलांना खाऊ वाटला जातो आणि छात्राध्यापक परततात. या काळात त्या तरुणास अध्यापनाविषयी नेमके काय कळले आणि ज्या मुलांपुढे तो उभा राहिला त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र पुष्कळदा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. हा काळ किती व कोणाचा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ साली जे विनियम केले, त्यांत प्राथमिक शिक्षकाच्या दोन वर्षांच्या पदविकेसाठी शालेय आंतरवासितेचा काळ किमान २० आठवडे ठरविण्यात आला. आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे १२० दिवस होतात. सणवार व सुट्या वजा जाता सुमारे १०० दिवस उरतात. आता दुसऱ्या बाजूने पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे असे सांगितले आहे. म्हणजे आंतरवासितेचे हे १०० दिवस मुलाच्या शालेय वर्षाच्या अर्ध्याइतके आहेत. ते सर्व एकाच वर्षी किंवा एकाच वर्गात येत नाहीत हे खरे. तथापि ज्या वर्गात त्यांतील पाच-सहा आठवडे जातात, त्या वर्गाच्या दृष्टीने तेही थोडे नव्हेत. दुसरीतील मुलास दुसरी पुन्हा मिळत नाही. ते आठवडे वाया गेले तर त्याची भरपाई मोठेपणी कोणी करून देऊ शकत नाही.

यास्तव आंतरवासिता ही केवळ अध्यापक विद्यालयाची बाब आहे आणि आपण तिला जागा देतो एवढेच आपले काम, अशी समजूत असेल तर ती सोडावयास हवी. काळ मुलांचा खर्च होतो, वर्ग आपला असतो आणि शिकावयाचे छात्राध्यापकास असते. तिघांचेही हित यात गुंतलेले आहे.

२. थोडी पूर्वपीठिका

शिक्षकास शिकवावयास शिकविताना त्याच्याकडून प्रत्यक्ष वर्गात पाठ घेवविण्याची रीत जुनी आहे. त्या रीतीतील उणीवही जुनीच आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये आपला अहवाल सादर केला. छात्राध्यापक ठराविक संख्येचे सुटेसुटे पाठ घेतात आणि त्यांतील अनेक पाठांवर देखरेख नसते किंवा असली तरी ती नीट नसते, हा दोष त्या आयोगाने स्पष्टपणे दाखविला होता. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली. छात्राध्यापकाने सुटे पाठ देऊन परत न जाता काही काळ शाळेचा एक घटक म्हणून राहावे, हा विचार त्या महाविद्यालयांनी आचरणात आणला. पुढे न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या आयोगाने २०१२ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची चिकित्सा केली आणि तीनंतर २०१४ च्या विनियमांत आंतरवासितेचा काळ वाढला.

काळ वाढला, परंतु काळ वाढल्याने काम आपोआप सुधारत नाही. सुटे दहा पाठ जसे देखरेखीवाचून होऊ शकतात, तसे वीस आठवडेही देखरेखीवाचून जाऊ शकतात. आंतरवासितेचा कस दिवसांच्या संख्येवर लागत नाही. प्रत्येक पाठानंतर अनुभवी शिक्षक व छात्राध्यापक समोरासमोर बसून त्या पाठाविषयी बोलतात की नाही, यावर तो लागतो. या लेखाचे सार सांगावयाचे तर ते एवढेच आहे.

३. गडी नव्हे, पाहुणाही नव्हे

शाळेत आलेल्या छात्राध्यापकाविषयी आपल्याकडे दोन प्रकारची वृत्ती आढळते. काही ठिकाणी तो फुकटचा गडी ठरतो. एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा वर्ग त्याच्याकडे, माहितीचे तक्ते भरावयाचे झाले की ते त्याच्याकडे, स्नेहसंमेलनाच्या कमानी व पताका त्याच्याकडे. काही ठिकाणी याच्या उलट तो पाहुणा ठरतो. त्याला खुर्ची मिळते, चहा मिळतो, कोणी त्याच्या वर्गात डोकावत नाही, आणि ‘आपला पाठ उत्तम झाला’ असा शेरा न पाहताच मिळतो. वरवर पाहता पहिली वृत्ती कठोर व दुसरी सौजन्याची दिसते. परिणाम मात्र दोहोंचा एकच होतो : तो काहीही न शिकता परत जातो.

सुताराच्या कामठ्यावर किंवा कुंभाराच्या चाकाजवळ शिकावयास बसलेला मुलगा आठवून पाहावा. उस्ताद त्याला प्रथम पाहावयास लावतो, मग लाकूड धरावयास लावतो, मग रंधा हाती देतो, आणि हात वाकडा पडला की तेथल्या तेथे थांबवितो. पहिल्या दिवशीच संपूर्ण दरवाजा करावयास देत नाही, तसेच सहा महिने नुसता भुसाही झाडावयास लावत नाही. छात्राध्यापकाचे स्थान या शागिर्दाचे आहे. फरक एवढाच की लाकूड बिघडले तर दुसरे आणता येते, मुलाचे तसे नाही. म्हणून येथे उस्तादाने अधिकच जवळ राहिले पाहिजे.

४. कामाचा क्रम

आंतरवासितेचा टप्पा कितीही आठवड्यांचा असो, त्यातील जबाबदारी पायरीपायरीने वाढवावी.

पहिली पायरी पाहण्याची. ‘निरीक्षण करा’ असे मोघम सांगितल्यास छात्राध्यापक आपल्याकडेच पाहत बसतो आणि वहीत लिहितो, ‘प्रस्तावना आकर्षक होती. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला होता.’ असल्या नोंदीने कोणाचेही ज्ञान वाढत नाही. त्याऐवजी त्यास एका तासापुरते एकच मूल नेमून द्यावे आणि ते मूल काय करते ते जसेच्या तसे लिहावयास सांगावे. मग नोंद अशी येईल : ‘मागील ओळीतील मुलीने ३५ मिनिटांत वहीत एकही शब्द लिहिला नाही. सर्वांनी वाचले तेव्हा तिने शेजारणीकडे पाहून ओठ हलविले. प्रश्न विचारला जाताच खाली पाहिले.’ ही नोंद वर्गशिक्षकासही उपयोगी पडते. कारण शिकविणाऱ्याचे लक्ष चाळीस ठिकाणी वाटलेले असते आणि त्यातून असे मूल नेहमी निसटते.

दुसरी पायरी सोबतीची. वर्गशिक्षक पाठ घेत असताना चार-पाच मुलांचा एक गट छात्राध्यापकाकडे द्यावा. एकाच खोलीत दोन इयत्ता बसणाऱ्या आपल्या लहान शाळांत हे सहज साधते. तिसरीस शिक्षक शिकवीत असता चौथीतील अडखळणाऱ्या मुलांचे वाचन छात्राध्यापकाने घ्यावे. चाळिसांपुढे उभे राहण्यापूर्वी चौघांशी बोलता येणे आवश्यक असते.

तिसरी पायरी एका विषयाची. एखादा घटक, उदाहरणार्थ तिसरीतील वजाबाकी किंवा चौथीतील नकाशावाचन, आरंभापासून शेवटपर्यंत त्याच्याकडे सोपवावा. सोमवारी गणित, मंगळवारी मराठी, बुधवारी दुसराच वर्ग अशी वाटणी करू नये. काल शिकविलेले आज मुलांजवळ किती उरले हे पाहण्याची वेळ ज्याच्यावर येत नाही, त्याला अध्यापन कधीच कळत नाही.

चौथी पायरी पूर्ण दिवसाची. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत वर्ग त्याने सांभाळावा, हजेरीपत्रक भरावे, शालेय पोषण आहाराच्या पंगतीत उभे राहावे, वह्या तपासाव्या. या दिवशीही वर्गशिक्षकाने शाळेतच, हाकेच्या अंतरावर असावे. ही पायरी अखेरची आहे. दुर्दैवाने पुष्कळ शाळांत तीच पहिल्या दिवशी येते.

५. पाठानंतरची वीस मिनिटे

पाठ संपला की ‘छान झाला’ म्हणणे सोपे, आणि ‘आवाज लहान होता, फळ्यावरील अक्षर मोठे काढा’ हे सांगणेही सोपे. हे सांगू नये असे नाही. परंतु त्यावर थांबू नये. पुढील चार प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा :

(१) आज मुलांना काय आले?
(२) ते आले हे कशावरून?
(३) ज्यांना आले नाही त्यांना का आले नाही?
(४) म्हणून उद्या काय करावयाचे?

हे प्रश्न कसे चालवावेत हे समजण्यासाठी एक कल्पित संवाद पुढे दिला आहे. तिसरीच्या वर्गात छात्राध्यापिकेने वजाबाकीचा पाठ घेतला आहे. शाळा सुटली आहे व दोघे ओसरीवर बसले आहेत.

गुरुजी : ताई, आज मुलांना काय आले?

छात्राध्यापिका : गुरुजी, वजाबाकी आली. समजले का म्हणून विचारले तेव्हा सगळ्यांनी ‘हो’ म्हटले.

गुरुजी : ‘हो’ तर मुले नेहमीच म्हणतात. वह्या काय म्हणतात?

छात्राध्यापिका : वह्यांत मात्र बऱ्याच जणांनी ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिले आहेत. लक्ष नव्हते त्यांचे.

गुरुजी : लक्ष नसते तर एकाने ३१, दुसऱ्याने २७ असे काहीही आले असते. सगळ्यांचे ३५ कसे आले?

छात्राध्यापिका : थांबा हं. सातातून दोन गेले पाच. चारातून एक गेला तीन. म्हणजे जो अंक मोठा, त्यातून लहान काढला.

गुरुजी : म्हणजे मुले नियमाने चुकली. हा नियम त्यांना कोठून मिळाला असेल?

छात्राध्यापिका : मीच फळ्याजवळ दोनतीनदा म्हटले, ‘दोनातून सात जात नाहीत.’ मग मुलांनी सातातून दोन घालविले.

गुरुजी : त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच झाले. मग उद्या काय कराल?

छात्राध्यापिका : काड्या घेईन. दहादहांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. आणि म्हणेन, मला सतरा काड्या द्या. सुट्या पुरणार नाहीत. गठ्ठा सोडावा लागेल हे मुलेच सांगतील.

गुरुजी : सोडल्यावर फळ्यावर काय लिहाल?

छात्राध्यापिका : तीन दशक आणि बारा एकक. बारातून सात गेले पाच, तीनातून एक गेला दोन. पंचवीस.

गुरुजी : बरे. आणि अखेरीस जी उदाहरणे द्याल त्यांत एक असे घाला की ज्यात गठ्ठा सोडावाच लागत नाही. ४८ मधून १५, असे काही. नाहीतर उद्यापासून मुले प्रत्येक उदाहरणात गठ्ठा सोडू लागतील.

या संवादात गुरुजींनी छात्राध्यापिकेस दोष दिला नाही व पोकळ स्तुतीही केली नाही. उत्तरही त्यांनी आपण होऊन सांगितले नाही, फक्त शेवटी एक अनुभवाची पुस्ती जोडली. मुलाची चूक ही बहुधा निष्काळजीपणा नसून त्याच्या विचाराची खूण असते, ही गोष्ट त्या छात्राध्यापिकेस स्वतःच्या तोंडून कळली. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकातून हेच वाक्य तिने परीक्षेसाठी पाठ केले असेल. परंतु ते खऱ्या अर्थाने तिला ओसरीवर समजले.

अशा चर्चेस वीस मिनिटे पुरतात. १०० दिवसांत रोज वीस मिनिटे म्हणजे सुमारे ३३ तास होतात. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे आणि वर निरनिराळ्या माहित्या पाठवावयाच्या, अशा शाळेत वीस मिनिटेही कोठून काढावी, हा आक्षेप खोटा नाही. त्यास एक व्यवहार्य उत्तर आहे. छात्राध्यापक वर्गात असल्याने तपासावयाच्या वह्या, गटाचे वाचन, शैक्षणिक साहित्य यांत आपला काही वेळ वाचतोच. तो वाचलेला वेळ दुसऱ्या कामात न घालता त्यालाच परत द्यावा. रोज जमले नाही तर आठवड्यातून तीन दिवस नेमून घ्यावे आणि ते मोडू नयेत.

६. एका मुलाचा अभ्यास

प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या मुक्कामात निदान एका मुलाचा नीट अभ्यास करावा. यासाठी वर्गातील हुशार मूल निवडू नये. जे मूल शांत बसते, त्रास देत नाही व शिकतही नाही, ते निवडावे.

वाचनाचेच उदाहरण घेऊ. एखादे मूल पाठ्यपुस्तकातील धडा खडखड वाचते आणि आपण समाधान पावतो. त्याच पानावरील चित्र हाताने झाकून खालच्या ओळीपासून वाचावयास सांगितले, किंवा त्याच धड्यातील शब्द फळ्यावर क्रम बदलून लिहिले, तर ते मूल अडखळते. धडा त्यास पाठ झालेला असतो, वाचता येत नसतो. दुसरे एखादे मूल साधे शब्द वाचते, परंतु जोडाक्षर आले की थांबते. तिसरे सर्व काही वाचते, पण वाचलेले काय ते सांगू शकत नाही. कारण घरी ते वारली, कोरकू, गोंडी किंवा भिली बोलते आणि पुस्तकातील शब्द त्याच्या कानांवरून कधी गेलेलेच नसतात. तिघांनाही आपण ‘वाचनात कच्चा’ या एकाच सदरात घालतो. वस्तुतः तिघांची दुखणी निराळी व औषधेही निराळी आहेत. वर्गशिक्षकास एवढा शोध प्रत्येक मुलाबाबत घेता येत नाही. छात्राध्यापकास एका मुलाबाबत तो खचित घेता येतो, आणि त्याची दोन पानांची टिपणे त्या मुलाचे पुढील वर्ष सुधारू शकतात.

७. शाळेच्या भिंतीबाहेर

आंतरवासितेचा काळ वर्गातच संपवू नये. या बाबतीत आपल्याच राज्यातील एक वस्तुपाठ डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. तेव्हाच्या ठाणे व २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे श्रीमती ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या श्रीमती अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. अध्यापनाचा अनुभव गाठीशी असूनही अनुताईंनी ताराबाईंच्या हाताखाली राहून हे नवे काम शिकून घेतले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर मुलांना दोष देत न बसता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून अंगणवाडीची कल्पना साकार झाली. पुढे कोसबाड येथे, गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून शाळा कुरणावर गेली, तिला कुरणशाळा म्हणतात. या दोन्ही गोष्टी वस्तीत फिरून, मूल कोठे आहे व का आहे हे पाहिल्यावर सुचल्या.

आपल्या छात्राध्यापकास आपण कुरणशाळा काढावयास सांगत नाही. परंतु तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी त्याने जावे, आणि प्रथम जाताना शिक्षकाने बरोबर असावे. मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, की आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले, की शाळेत कोणी चिडविल्याने येत नाही, हे हजेरीपत्रकातील ‘गै’ या अक्षरावरून कळत नाही. ज्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबे ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, तेथील मुलांचे काय शिकावयाचे राहिले याची यादी छात्राध्यापकाने करून ठेवली, तर ती मुले परत आल्यावर वर्गशिक्षकास कोठून आरंभ करावा हे चटकन समजेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सभेसही त्यास बसू द्यावे. पालक शाळेविषयी काय बोलतात हे त्याने नोकरी लागण्यापूर्वी ऐकलेले बरे.

८. काही पथ्ये

पहिले पथ्य शिक्षेविषयी. २००९ च्या अधिनियमाच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. ही मनाई छात्राध्यापकानेही तितकीच पाळली पाहिजे. वर्ग ताब्यात राहत नाही म्हणून नवशिक्या मनुष्याचा हात उठतो किंवा जीभ घसरते. अशा वेळी त्यास नुसते रागावून भागत नाही. गडबड का झाली, काम संपलेल्या मुलांना पुढे काय करावयाचे ते सांगितले होते का, हे त्याच्याबरोबर शोधावे. बेशिस्तीचे मूळ पुष्कळदा मोकळ्या बसलेल्या मुलांत सापडते.

दुसरे पथ्य वर्गासमोरील वर्तनाचे. छात्राध्यापकाची चूक मुलांदेखत सुधारू नये. फळ्यावर चुकीचे लिहिले गेले असेल तर चिठ्ठी द्यावी किंवा ‘आपण पुन्हा एकदा पाहू या का?’ असे म्हणावे. मुलांच्या मनातून त्याचा मान एकदा गेला की पुढील दिवस त्यास फार जड जातात.

तिसरे पथ्य सहीचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. न पाहिलेल्या पाठावर सही करू नये. न झालेल्या उपक्रमाचा दाखला देऊ नये. ‘पोराचे वर्ष कशाला अडवा?’ ही आपली भावना दयेची असते, हे मान्य आहे. परंतु त्या सहीने त्या तरुणास जो पहिला धडा मिळतो तो असा की, शिक्षणखात्यात काम होणे आणि कागद पूर्ण होणे यांत अंतर असले तरी चालते. हा धडा तो तीस वर्षे विसरत नाही, आणि तो उद्या कोणत्या गावच्या मुलांपुढे उभा राहील हे आपल्या हाती नसते. ते गाव आपलेही असू शकेल.

९. आपला लाभ

आतापर्यंत आपण काय द्यावे याचा विचार केला. आपणास काय मिळते हेही पाहिले पाहिजे. लहान गावचा शिक्षक फार एकटा असतो. त्याचा पाठ वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. अधिकारी आले तरी बहुधा दप्तर पाहतात. छात्राध्यापक हा त्याच्या पाठाचा पहिला प्रेक्षक ठरतो. म्हणून आपलाही एक पाठ त्याच्यापुढे ठेवावा आणि तेच चार प्रश्न त्याने आपणास विचारावेत. ज्येष्ठ शिक्षकाचा पाठही एखाद्या दिवशी फसतो आणि तो दुसऱ्या दिवशी सावरता येतो, हे पाहिल्याने नवशिक्याचे धैर्य वाढते. शिवाय अध्यापक विद्यालयातून नवे साहित्य, नवी गाणी, मोबाईल व संगणक यांचा वर्गातील उपयोग अशा गोष्टी तो बरोबर आणतो. त्या घेण्यास कमीपणा मानू नये.

१०. निरोप

अखेरच्या आठवड्यात दोन गोष्टी अवश्य घडाव्या. एक म्हणजे छात्राध्यापकाने आपल्याकडील घटक, अभ्यासलेल्या मुलाची टिपणे, ऊसतोडीस गेलेल्या मुलांची यादी हे सर्व वर्गशिक्षकास समक्ष समजावून द्यावे. ज्याच्या उपयोगासाठी टिपणे केली तो वर्गशिक्षक आहे. ती अध्यापक विद्यालयाच्या कपाटातच जाऊन पडू नयेत. दुसरी गोष्ट मुलांविषयीची. लहान मुले नव्या ताईला किंवा दादाला लवकर जीव लावतात आणि ती माणसे एके दिवशी अचानक दिसेनाशी होतात. आपण केव्हा जाणार व का जाणार, हे मुलांना आठवडाभर आधी साध्या शब्दांत सांगावे.

खाऊ वाटावा, गाणीही व्हावीत. परंतु निरोपाच्या दिवशी त्या तरुणास स्वतःच्या शब्दांत सांगता यावे की, अमुक एका मुलास अमुक गोष्ट येत नव्हती, ती का येत नव्हती हे मी शोधले, आणि आता ती त्यास येते. एवढे ज्याला सांगता आले त्याची आंतरवासिता सफल झाली असे समजावे. ते सांगण्याजोगे त्याच्याजवळ काही असावे, यासाठी पहिल्या दिवसापासून त्याच्यासमवेत बसणे हे आपले काम आहे.

मनन व केंद्रसभेतील चर्चेसाठी

१. आपल्या शाळेत मागील वेळी आलेल्या छात्राध्यापकाने किती पूर्ण घटक शिकविले? सुटे पाठ किती घेतले? त्यांपैकी किती पाठ आपण आरंभापासून शेवटपर्यंत पाहिले?

२. मुलांच्या वह्यांतून नियमाने होणारी एखादी चूक शोधून आणा. ती चूक कोणत्या समजुतीतून झाली असावी, व त्यात आपल्या शिकविण्याचा भाग किती, याची चर्चा करा.

३. दोन शिक्षकी शाळेत पाठानंतरच्या चर्चेसाठी वेळ कसा काढता येईल? आपल्या शाळेचे वेळापत्रक समोर ठेवून निश्चित वार व वेळ सुचवा.

४. आपल्या वर्गातील जे मूल शांत बसते व शिकत नाही, त्याचे नाव मनाशी आठवा. पुढील छात्राध्यापक आल्यावर त्या मुलासाठी कोणते काम सोपवाल?